डेबियन १२ ऑफिस सर्व्हरवर: लायसन्सचा खर्च वाचला, पण यूपीएसनं छळलं

सेंटओएस ७ या फुकटातल्या लिनक्स सर्व्हर प्रणालीची मुदत ३० जून २०२४ ला संपली आणि बेळगावात उद्यमबागेतल्या छोट्या कारखान्यांपुढे प्रश्न आला: आता विंडोज सर्व्हर घ्यायचा की डेबियनसारखं फुकटातलंच दुसरं लिनक्स बसवायचं? विक्रेत्यांचं उत्तर ठरलेलं, "सगळे विंडोजच घेतात." आता सगळ्यांत जास्त काय वापरतात हे विक्रीच्या बिलांवरून ठरवलं, तर ज्याचं बिलच फाटत नाही ते मोजणार कसं? वेबसाइटवाल्यांच्यात लिनक्स पुढे आहे. जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणक तर नोव्हेंबर २०१७ पासून सगळेच लिनक्सवर आहेत. पण ऑफिसला यातल्या कशाचाच उपयोग नाही, उपयोग कोटेशनचा.

विंडोज सर्व्हर २०२२ स्टँडर्डला, मशीनच्या प्रोसेसरमध्ये चारच कोअर असले तरी १६ कोअरचं लायसन्स लागतं. वर प्रत्येक माणसामागे किंवा पीसीमागे कॅल, म्हणजे सर्व्हर वापरण्याचं वेगळं लायसन्स, आणि रिमोट डेस्कटॉप हवा तर त्याचं कॅल आणखी वेगळं. इथंच हात आखडतो. डेबियनवर सांबा, म्हणजे विंडोज पीसींना फाइली वाटून देणारं सॉफ्टवेअर, घातलं की फाइल शेअरचं काम भागतं. फक्त टॅलीच्या डेटा शेअरला ऑपलॉक्स (oplocks) ही सांबाची सेटिंग बंद ठेवा. चालू राहिली तर प्रत्येक पीसी आपल्याकडेच फाइल कॅश करतो आणि दोघांनी एकच कंपनी उघडली की डेटा बिघडू शकतो.

सर्व्हरवरून विंडोज गेलं, तसं सगळीकडूनच काढू म्हटलं, तर ते मात्र जमलं नाही. सरकारी पत्रं नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, मराठी पत्रं श्रीलिपीत, आणि दोन्ही विंडोजवर चालतात, म्हणजे टेबलावरचे पीसी विंडोजचेच राहणार.

आता यूपीएस. वळीव सुरू झाला की वीज दोन मिनिटांत जाते-येते, आणि डेबियनची खरी परीक्षा तिथंच होते. यूपीएसवर लक्ष ठेवून सर्व्हर वेळेत बंद करणारं नेटवर्क यूपीएस टूल्स, म्हणजे नट, डेबियनच्या सॉफ्टवेअर भांडारातच आहे. स्वस्त यूपीएसला बहुधा नटचा यूएसबी-एचआयडी (usbhid-ups) ड्रायव्हर चालत नाही, नटडीआरव्ही-क्यूएक्स (nutdrv_qx) लावावा लागतो. असा यूपीएस टक्केवारी देत नाही, नुसते व्होल्ट सांगतो. म्हणून व्होल्टची वरची-खालची मर्यादा हातानं भरावी लागते, त्यावरून नट टक्केवारी काढतो: २४ व्होल्टच्या बॅटरीसंचाला २६ आणि २०.८. यूपीएसचा "बॅटरी संपत आली" हा इशाराही उशिरा येतो. तेव्हा तो इशारा बाजूला ठेवणारी इग्नोरएलबी (ignorelb) सेटिंग लावून खालची चार्ज मर्यादा ३० टक्क्यांवर आणा.

खरी गोम पुढेच आहे. सर्व्हर नीट बंद होतो आणि तेवढ्यात वीज परत येते. यूपीएसचं आउटपुट मध्ये तुटलेलंच नसतं, त्यामुळे बायोसमधल्या "वीज आल्यावर चालू हो" या सेटिंगला वीज गेल्याचं कळतच नाही. सर्व्हर तसाच पडून राहतो. यासाठी नटची पॉवरडाउनफ्लॅग (POWERDOWNFLAG) सेटिंग चालू आहे का ते बघा. शटडाउनच्या अगदी शेवटी नट यूपीएसला आउटपुट तोडायला सांगतो, वीज आली की यूपीएस ते परत देतो आणि मशीन उठतं. काही स्वस्त मॉडेलं ही आज्ञा मानतच नाहीत. म्हणून सुट्टीच्या दिवशी सर्व्हरवर कुणी नसताना 'यूपीएसमॉन -सी एफएसडी' (upsmon -c fsd) चालवून खात्री करा. ही आज्ञा मशीन खरोखरच बंद करते.

यूएसबीची ठरलेली एचआयडी भाषा बोलणारा यूपीएस असेल तर विंडोज त्याला लॅपटॉपच्या बॅटरीसारखं आपोआप ओळखतं. इथं मार्क विंडोजलाच. पण त्या एका सोयीसाठी कॅल घ्यायचं? त्या पैशात यूपीएसच्या बॅटऱ्या बदला, आणि संचात दोन असतील तर दोन्ही एकदम बदला. जुनी-नवी जोडी लावली की जुनी आधी बसते आणि नवीलाही घेऊन बसते.