क्लिक न घेणारी परवान्याची चौकट: टॅब दाबावा, 'हो' आधीच भरून ठेवावं, की तो फाँटच टाळावा?

नवं उबुंटू (लिनक्सवर चालणारी एक प्रणाली) टाकलं की बरेच जण गाणी-व्हिडिओ नीट चालावेत म्हणून 'उबुंटू-रिस्ट्रिक्टेड-एक्स्ट्राज' हा गठ्ठा टर्मिनलमधून (कमांड टंकायच्या खिडकीतून) इन्स्टॉल करतात. पॅकेजेस भराभर उतरत असतात आणि मधेच जांभळ्या पडद्यावर एक करडी चौकट उभी राहते. आत मायक्रोसॉफ्टच्या फाँट्सचा लांबलचक इंग्रजी परवाना करार, तळाशी 'ओके'. त्या 'ओके'वर माउसने कितीही क्लिक करा, चौकट ढिम्म हलत नाही. मशीन अडकलं असं समजून लोक खिडकीच बंद करून टाकतात आणि खरी भानगड तिथून पुढे सुरू होते.

मशीन अडकलेलं नसतं. ही चौकट म्हणजे टर्मिनलमध्ये अक्षरांनी रेखाटलेलं चित्र आहे. इन्स्टॉल करताना प्रश्न विचारण्याचं काम डेबियन कुळातल्या लिनक्समध्ये (उबुंटू त्यातलंच) 'डेबकॉन्फ' करतो, आणि टर्मिनलमध्ये तो ते 'व्हिपटेल' नावाच्या छोट्या प्रोग्रामकडून करवून घेतो. व्हिपटेल चालतो कीबोर्डवर. माउसच्या क्लिकशी त्याचं देणंघेणं नाही.

यातून पुढे जायचे मार्ग चार: टॅब दाबणं, चौकटीऐवजी साध्या ओळीत प्रश्न मागवणं, उत्तर आधीच नोंदवून ठेवणं, आणि हे पॅकेज इन्स्टॉलच न करणं. बहुतेक ठिकाणी पहिला मार्ग सांगून विषय संपवतात. माझ्या मते विचार चौथ्यापासून सुरू करावा. (पुढे कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन लिपीत टंकायच्या.)

हा फाँट तुम्हाला हवाय का?

चौकट ज्याच्यामुळे येते ते पॅकेज म्हणजे 'टीटीएफ-एमएसकोअरफाँट्स-इन्स्टॉलर'. मायक्रोसॉफ्टने 1996 मध्ये वेबसाठी काही फाँट फुकट द्यायला सुरुवात केली: एरिअल, टाइम्स न्यू रोमन, कुरिअर न्यू, जॉर्जिया, व्हर्डाना, ट्रेब्युशे, कॉमिक सॅन्स, इम्पॅक्ट, अँडेल मोनो आणि वेबडिंग्ज. 2002 मध्ये ही योजना बंद झाली, पण आधी दिलेला परवाना कायम राहिला. त्यात मेख अशी की फाँट वाटायचे तर मूळ विंडोजच्या ईएक्सई फाइलच्या रूपातच, काही न बदलता. म्हणून उबुंटूच्या पॅकेजमध्ये फाँट नसतातच. आपण करार मान्य केला की ते सोर्सफोर्जवरून त्या जुन्या ईएक्सई फाइल्स उतरवतं आणि 'कॅबएक्स्ट्रॅक्ट' वापरून आतले फाँट बाहेर काढतं. नोटो किंवा लिबरेशन हे फाँट टाकताना असली चौकट येत नाही, कारण त्यांचा परवाना मुक्त आहे.

यादी पुन्हा एकदा बघा. तिच्यात कॅलिब्री नाही, कँब्रिया नाही, मंगल नाही आणि देवनागरीचं एक अक्षरही नाही. वर्ड 2007 पासून पुढची कित्येक वर्षं कॅलिब्री हाच आपोआप येणारा फाँट होता, त्यामुळे ऑफिसातून किंवा कॉलेजातून येणाऱ्या फाइल्स बहुधा त्यातच असतात. तुमची तक्रार 'वर्डची फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडली की पानं सरकतात' अशी असेल, तर करार मान्य करूनही तिच्यात काडीचा फरक पडणार नाही, अशी शक्यता मोठी आहे.

फाइलमधला फाँट कोणता, यावर सगळं ठरतं:

| फाइलमधला फाँट | काय पुरेल | चौकटीची गरज |
|---|---|---|
| एरिअल, टाइम्स न्यू रोमन, कुरिअर न्यू | लिबरेशन सॅन्स, सेरिफ, मोनो | सहसा नाही |
| कॅलिब्री, कँब्रिया | कार्लिटो, कॅलाडिया | नाही. या पॅकेजमध्ये ते नाहीतच |
| जॉर्जिया | जेलासिओ | सहसा नाही |
| व्हर्डाना, ट्रेब्युशे, कॉमिक सॅन्स, इम्पॅक्ट | तंतोतंत मापाचा पर्याय सहसा नाही | हो |
| मंगल | नोटो किंवा लोहित देवनागरी | नाही |
| श्री-लिपी, डीव्हीबी-टीटी योगेश यांसारखे जुने फाँट | मूळ फाँट, किंवा युनिकोडमध्ये रूपांतर | नाही |

लिबरेशन फाँट रेड हॅटने 2007 मध्ये आणले. वळण वेगळं, पण प्रत्येक अक्षराची रुंदी एरिअल, टाइम्स आणि कुरिअर यांच्याइतकीच, म्हणून ओळ जिथे तुटायची तिथेच तुटते. कॅलिब्रीच्या बाबतीत हेच काम कार्लिटो करतो. लिबरेशन उबुंटूत सहसा आधीच असतो. कार्लिटो आणि कॅलाडिया नसतील तर 'फाँट्स-क्रॉसएक्स्ट्रा' या नावाने सुरू होणारी दोन पॅकेजेस शोधा, विनाप्रश्न उतरतात.

मराठीत काम करणाऱ्यांनी तक्त्याच्या शेवटच्या दोन ओळी नीट वाचाव्यात. मंगलमध्ये टंकलेला मजकूर युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला संकेत) असतो, त्यामुळे मंगल नसला तरी दुसऱ्या देवनागरी फाँटमध्ये तो वाचता येतो. फार तर पानांची मांडणी थोडी हलेल. पुण्यात घडलेल्या श्री-लिपीचं किंवा सी-डॅकच्या जुन्या डीव्हीबी फाँटचं तसं नाही. त्यात साठवलेली अक्षरं मुळात रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर बसवलेली असतात, म्हणून फाँट नसला की पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग दिसते. असं काही दिसलं की 'मायक्रोसॉफ्टचे फाँट टाका' हा सल्ला हमखास मिळतो, आणि तो साफ चुकीचा असतो.

एक बारीकसा मुद्दा हिशेब-बिलं करणाऱ्यांसाठी. रुपयाचं ₹ हे चिन्ह 2010 मध्ये स्वीकारलं गेलं आणि हे फाँट त्याच्या कितीतरी आधी गोठलेले आहेत. त्यामुळे या पॅकेजमधला एरिअल निवडला तरी ₹ दुसऱ्याच कुठल्या तरी फाँटमधून उचललं जातं आणि बाजूच्या आकड्यांशी वळणाने जुळत नाही.

मग हे पॅकेज घ्यावं कुणी? ज्यांच्याकडे कॉमिक सॅन्समधल्या शाळेच्या पत्रिका किंवा व्हर्डानात बांधलेले जुने फॉर्म येतात त्यांनी, वेबसाइट जुन्या फाँट्समध्ये कशी दिसते ते तपासणाऱ्यांनी, आणि एरिअलचं हुबेहूब वळणच हवं असा ग्राहकाचा आग्रह असलेल्यांनी. शेजारच्या विंडोज पार्टिशनमधून फाँट सरळ कॉपी करण्याची युक्तीही पुष्कळ जण सुचवतात, पण ते फाँट विंडोजच्या परवान्याशी बांधलेले असतात. करार टाळण्यासाठी दुसरा करार मोडण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

एकच मशीन असेल तर टॅब

फाँट हवाच असं ठरलं तर घरच्या लॅपटॉपवर यापेक्षा सोपं काही नाही. वर-खाली बाणांनी करार वाचायचा, मग टॅब. 'ओके' रंगून उठतं. एंटर. लगेच दुसरी चौकट येते: अटी मान्य आहेत का? तिथेही टॅबने 'येस'वर जायचं आणि एंटर. रंग कशावर आहे ते न बघता एंटर मारू नका. इथे 'नो' नोंदलं गेलं तर इन्स्टॉल फसतं आणि पुढचं निस्तरणं टॅबपेक्षा बरंच लांबतं.

खिडकी मधेच बंद करून बसलेल्यांना आता ॲप्ट (पॅकेजेस उतरवून इन्स्टॉल करणारा प्रोग्राम) सांगेल की लॉक (एका वेळी एकालाच काम करू देणारी खूण) मिळत नाही, किंवा डीपीकेजीचं (ॲप्टच्या हाताखाली पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रामचं) काम अर्ध्यावर तुटलं आहे. आधीची खिडकी अजून उघडी असेल तर तिच्यात जाऊन टॅब दाबणं हाच उपाय. ती गेली असेल तर 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' चालवायचं. अर्धवट राहिलेलं काम तिथून पुढे सरकतं आणि प्रश्न परत विचारला जातो. लॉकची फाइल हाताने उडवण्याचा सल्ला मात्र ऐकू नका. लॉक धरून बसलेला प्रोग्राम जिवंत असताना ती काढली तर पॅकेजच्या नोंदींचाच विचका होऊ शकतो.

टॅब पोचतच नसेल तर

ब्राउझरमध्ये उघडणारा सर्व्हरचा कन्सोल वापरत असाल तर टॅब काही वेळा ब्राउझरच गिळतो. मोबाइलवरून एसएसएच केलं (दूरच्या मशीनचं टर्मिनल उघडलं) तर कीबोर्डवर टॅब सहसा नसतोच. आधी कंट्रोल आणि आय एकत्र दाबून बघा, कारण टर्मिनलच्या लेखी तो संकेत आणि टॅब एकच. तेही जमलं नाही तर चौकटच नको म्हणायचं: इन्स्टॉलच्या कमांडमध्ये 'सुडो'नंतर 'डेबियन_फ्रंटएंड' हे रोमन मोठ्या अक्षरांत लिहून त्याची किंमत 'रीडलाइन' द्यायची. मग करार साध्या मजकुरासारखा पानापानाने येतो आणि शेवटी हो की नाही ते टंकून सांगायचं. स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांनाही हाच मार्ग जास्त सोयीचा, कारण रेखाटलेल्या चौकटीपेक्षा साधी ओळ वाचून दाखवणं सोपं. टर्मिनलची खिडकी 13 ओळी आणि 31 रकाने यांपेक्षा लहान असेल तर डेबकॉन्फ आपणहूनच चौकट सोडून देतो.

ग्राफिकल ॲप सेंटरमधून इन्स्टॉल करताना तर हा प्रश्न काही वेळा समोर येतच नाही, नुसती पट्टी थांबून राहते. हे पॅकेज टर्मिनलमधूनच टाकलेलं बरं.

लॅबभर मशीन्स असतील तर

कॉलेजच्या लॅबमध्ये प्रत्येक मशीनपुढे बसून टॅब दाबण्यात अर्थ नाही. 'डेबकॉन्फ-सेट-सिलेक्शन्स' या कमांडला एक ओळ द्यायची, चार भागांची: पॅकेजचं नाव, प्रश्नाचं नाव, म्हणजे 'एमएसटीटीकोअरफाँट्स/ॲक्सेप्टेड-एमएसकोअरफाँट्स-ईयूएलए', प्रकार 'सिलेक्ट', आणि उत्तर 'ट्रू'. ही ओळ इन्स्टॉलच्या आधी चालली पाहिजे. मग चौकट येत नाही.

इथे दोन गैरसमज सर्रास दिसतात. ॲप्टला '-वाय' दिलं की सगळ्याला 'हो' झालं, हा पहिला. ते 'हो' फक्त ॲप्टच्या स्वतःच्या प्रश्नांना असतं, डेबकॉन्फच्या नाही. दुसरा 'डेबियन_फ्रंटएंड'ला 'नॉनइंटरॲक्टिव्ह' ही किंमत देण्याचा. त्याने प्रश्न विचारणं थांबतं, पण उत्तर कुणीच दिलेलं नसतं, आणि न दिलेलं उत्तर इथे संमती धरलं जात नाही. कंटेनर (प्रोग्राम चालवायची स्वतंत्र, बंदिस्त जागा) बांधताना याच ठिकाणी गाडी अडते आणि एररमध्ये करार मान्य न केल्याचं लिहिलेलं असतं.

शिवाय ही ओळ म्हणजे संस्थेच्या वतीने दिलेली संमती आहे. स्क्रिप्टमध्ये ती कुणी आणि कुणाला विचारून घातली, याची नोंद ठेवलेली बरी. लॅबमध्ये लिबरेशन आणि कार्लिटो पुरत असतील तर हा प्रश्नच उद्भवत नाही, आणि एखाद्या मशीनवर चुकून कॉमिक सॅन्स नाही म्हणून परीक्षा अडल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

मान्य केलं म्हणजे आलं असं नाही

करार मान्य झाल्यावर फाइल्स सोर्सफोर्जवरून यायच्या असतात. कॉलेजचा प्रॉक्सी (नेटची ये-जा अडवून बघणारा मधला सर्व्हर) आडवा आला किंवा नेट मधेच गेलं, तर पॅकेज इन्स्टॉल झालेलं दिसतं पण फाँट नसतात, आणि उबुंटू नंतर 'जादा डेटा फाइल्स उतरल्या नाहीत' अशी सूचना दाखवत राहतं. खात्रीसाठी 'एफसी-मॅच' या कमांडला 'एरिअल' हे नाव द्या. उत्तरात लिबरेशन सॅन्स आलं तर खरा एरिअल आलेला नाही. नेट सुधारल्यावर तेच पॅकेज ॲप्टने '--रीइन्स्टॉल' करून टाका. आधी कधी 'नो' दाबून ठेवलं असेल तर मात्र पॅकेज 'पर्ज' करायचं, म्हणजे जुनं उत्तर पुसलं जातं, आणि मग नव्याने इन्स्टॉल. चौकट पुन्हा येईल. टॅब, एंटर, टॅबने 'येस', एंटर.