वैमानिक-पूर्वतयारी वर्ग : एका पालकाचा अभिप्राय

मुलीसाठी छत्रपती संभाजीनगरातील एका वैमानिक-पूर्वतयारी वर्गाचे सहा महिन्यांचे शुल्क भरले. हवामानशास्त्र तेथे उत्तम शिकवतात. शहराच्या चिकलठाणा विमानतळावरून उडालेले विमान खिडकीतून दाखवत, वाऱ्याची दिशा पाहून धावपट्टीचे कोणते टोक वापरले असेल, हे शिक्षकांनी इतके सहज उलगडले की मीही मागच्या बाकावर बसून ऐकत राहिलो. माहितीपत्रकात मात्र गणवेश, हॉटेलातील मुक्काम आणि सवलतीची तिकिटेच झळकतात. व्यावसायिक परवान्यासाठी लागणारे २०० तासांचे उड्डाण व त्याचा वेगळा (आणि छातीत धडकी भरवणारा) खर्च, पहाटेची ड्युटी, उड्डाणापूर्वीची मद्यचाचणी, वर्षाला १,००० तासांची उड्डाणमर्यादा, यांविषयी विचारल्याशिवाय कोणी बोलत नाही. वैद्यकीय तपासणी आधी करून घ्यावी, हेही आम्हाला शुल्क भरल्यावरच कळले.