धावायला कोणती वेळ निवडावी? पहाट, दुपार, संध्याकाळ आणि सुट्टीच्या दिवसाची तुलना

धावायला वेळ मिळत नाही अशी तक्रार करणाऱ्या माणसाला बहुधा एकच सल्ला मिळतो, तो म्हणजे पहाटे उठण्याचा. मात्र त्या माणसाच्या घरात पहाटे कोणाकोणाची काय कामे चाललेली असतात, याची चौकशी सल्ला देणारा सहसा करत नाही. नोकरी, मुले, वृद्ध आईवडील आणि घरकाम यांनी भरलेल्या दिवसात मोकळा तास कुठेही पडून राहिलेला नसतो. धावण्यासाठी काढलेला तास कधी झोपेतून, कधी कामातून, कधी जोडीदाराच्या वाट्यातून, तर कधी मुलांच्या सहवासातून आलेला असतो. म्हणून पुढील तुलनेत शरीराला कोणती वेळ मानवते हे पाहिले असले, तरी त्या वेळेची किंमत कोण मोजतो या प्रश्नाला अधिक वजन दिले आहे.

त्याआधी गरज किती आहे, हे ठरवायला हवे, कारण पुष्कळांचा बेत येथेच फसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोमदार व्यायाम करावा. धावणे जोमदार व्यायामात मोडते. म्हणजे आठवड्यातून तीन वेळा २५ मिनिटे धावले, तरी किमान मर्यादा गाठली जाते. एका वेळी सलग दहा मिनिटे तरी व्यायाम व्हायलाच हवा, ही जुनी अटही या सूचनांमध्ये उरलेली नाही. अमेरिकेत ५५ हजारांहून अधिक प्रौढांची सरासरी १५ वर्षे नोंद ठेवून केलेला एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला जेमतेम पाच-दहा मिनिटे आणि तीही सावकाश धावणाऱ्यांचे मृत्युप्रमाण न धावणाऱ्यांपेक्षा कमी आढळले. अशा निरीक्षणातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही हे खरे. तरीही रोज तासभर जमत नसेल तर धावण्यात अर्थ नाही, या समजाला त्यातून पुरेसा धक्का बसतो. हिशेब मात्र प्रामाणिक असावा. कपडे बदलणे, अंग मोकळे करणे आणि नंतरची आंघोळ धरली, तर २५ मिनिटांच्या धावण्यासाठी घरच्या कामांतून सुमारे पाऊण तास गैरहजेरी होते, आणि जोडीदाराशी बोलताना हाच आकडा सांगणे इष्ट.

पहाट

पहाटेची मोठी जमेची बाजू अशी की त्या वेळेवर इतर कोणाचा हक्क फारसा नसतो. बैठक लांबत नाही, तातडीचा फोन येत नाही आणि दिवसभराच्या थकव्याची सबबही अजून तयार झालेली नसते. शरीर मात्र या वेळी पुरते तयार नसते. शरीराचे तापमान झोपेच्या अखेरच्या तासांत सर्वांत कमी असते आणि दुपारनंतर ते संध्याकाळपर्यंत कमाल पातळीवर पोहोचते. त्यामुळे पहाटे स्नायू आखडलेले वाटतात आणि तोच वेग गाठायला अधिक कष्ट पडतात. सुरुवातीची पाच-दहा मिनिटे भरभर चालले आणि घड्याळातील वेगाकडे दुर्लक्ष केले, तर ही अडचण बरीचशी सुटते.

खरी अडचण झोपेची आहे. प्रौढांनी नियमितपणे सात किंवा अधिक तास झोपावे, असे अमेरिकेतील निद्रातज्ज्ञांच्या दोन संस्थांनी २०१५ मध्ये एकमताने सुचवले. पाचला उठायचे असेल, तर दहाला डोळा लागायला हवा. ज्या घरात साडेदहानंतरच शांतता होते, तेथे पहाटेचे धावणे म्हणजे रोज तास-दीड तास झोपेची उधारी, आणि ती चिडचिड, वाढलेली भूक व दुखापती या रूपाने वसूल होते. थोडक्यात, पहाटे धावता येईल की नाही याचा निकाल आदल्या रात्रीच लागलेला असतो. दुसरी किंमत जोडीदार मोजतो: एक जण पावणेसातला घामाघूम होऊन परततो, तेव्हा दुसऱ्याने मुलांना उठवण्यापासून शाळेत धाडण्यापर्यंतचे निम्मे काम एकट्याने उरकलेले असते. दिवस वाटून घेतले, तर ही तक्रार उरत नाही. घरात तान्हे मूल असेल आणि रात्र तुकड्यातुकड्यांत जात असेल, तर पहाटेचा विचार काही महिने बाजूला ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुपारची सुट्टी आणि ये-जा

दुपारी धावण्यासाठी तासाभराची सुट्टी, आंघोळीची सोय आणि कामाच्या ठिकाणचे सामंजस्य या तिन्ही गोष्टी लागतात, आणि त्या एकत्र क्वचितच मिळतात. घरून काम करणाऱ्यांना मात्र ही वेळ सोयीची पडते, कारण ती झोपेतूनही जात नाही आणि कुटुंबाच्या वाट्यातूनही नाही. जेवण धावून आल्यावर करावे, आणि कामाच्या वेळापत्रकात ती वेळ बैठकीसारखीच राखून ठेवावी. कडक उन्हाच्या महिन्यांत हा पर्याय बाद समजावा.

कामावर जाताना किंवा परतताना धावणे हा पर्याय ऐकताच बहुतेक जण हसून सोडून देतात. हिशेबात मात्र तोच सर्वांत किफायतशीर ठरतो. समजा, कामाचे ठिकाण सात किलोमीटरवर आहे आणि गर्दीच्या वेळी वाहनाने चाळीस मिनिटे लागतात. हेच अंतर सावकाश धावत पार करायला पन्नास मिनिटे लागली, तर व्यायामासाठी प्रत्यक्षात दहाच मिनिटे जादा खर्च होतात. अंतर फार असेल, तर काही थांबे आधी उतरून उरलेला टप्पा धावता येतो. कपडे आदल्या दिवशी कामाच्या जागी नेऊन ठेवणे, पाठीवरचे ओझे हलके ठेवणे आणि केवळ परतीचा प्रवासच धावत करणे एवढी व्यवस्था जमली, तर आंघोळीचा प्रश्नही घरीच सुटतो. रस्ता धावण्याजोगा असेल, तर इतर सर्व पर्यायांच्या आधी हा तपासून पाहावा.

संध्याकाळ आणि रात्र

शरीराच्या दृष्टीने संध्याकाळ सर्वांत अनुकूल. स्नायू सैल असतात, वेग सहज साधतो आणि कामाचा ताणही उतरतो. तरीही या वेळचा बेत वारंवार मोडतो, कारण मुलांना आईवडील हवे असतात ते नेमके याच वेळी, शिवाय स्वयंपाक आणि अभ्यासही याच वेळेवर टपून बसलेले असतात. एकदा घरात पाऊल टाकून बूट काढले, की ते पुन्हा घालण्याचा निश्चय फार थोड्यांकडे उरतो. मूल खेळाच्या किंवा पोहण्याच्या वर्गात असते त्या तासात बाकावर मोबाइल पाहत बसण्याऐवजी मैदानाभोवती फेऱ्या मारणे, हा संध्याकाळचा मला पटलेला उपयोग आहे. त्यात कोणाचाही वेळ हिरावला जात नाही.

मुले झोपल्यावर धावले तर झोप उडते, ही भीती अर्धीच खरी आहे. २३ अभ्यासांचा २०१९ मध्ये घेतलेला एकत्रित आढावा असे सांगतो की संध्याकाळच्या व्यायामाने झोप सहसा बिघडत नाही. दमछाक करणारा व्यायाम झोपण्याच्या आधीच्या तासाभरात संपवला, तर मात्र बिघडू शकते. म्हणून रात्री सावकाशच धावावे. निर्मनुष्य रस्ता आणि अंधार यांमुळे अनेक स्त्रियांच्या बाबतीत पहाट व रात्र हे दोन्ही पर्याय आधीच गळून पडतात. त्यांना इच्छाशक्तीचे धडे देण्यापेक्षा दिवसाउजेडीचा एखादा तास घरातील इतरांनी मोकळा करून देणे किंवा ट्रेडमिलची सोय करणे अधिक उपयोगाचे.

सुट्टीचे दिवस

आठवड्याचा सगळा व्यायाम एक-दोन दिवसांत उरकणाऱ्यांना आजवर उगाचच नावे ठेवली गेली. साडेतीन लाख अमेरिकी प्रौढांच्या २०२२ मधील अभ्यासात व्यायामाचे एकूण प्रमाण सारखे असता, तो एक-दोन दिवसांत करणाऱ्यांच्या आणि आठवडाभर विभागून करणाऱ्यांच्या मृत्युप्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. धावण्यात मात्र एक धोका आहे: पाच दिवस बसून काढलेल्या पायांवर सहाव्या दिवशी पंधरा किलोमीटरचा भार टाकणे नडगी आणि टाचेच्या स्नायुबंधाला महागात पडते. घरालाही ते महागात पडते, कारण सकाळचे तीन तास जातात आणि दुपारी धावपटू सोफ्यावर आडवा असतो. सुट्टीच्या दिवशी एकदा जरा लांब आणि मधल्या वारी दोनदा वीस-पंचवीस मिनिटे, हा मिश्र बेत नवख्याला आणि घराला, दोघांनाही झेपतो.

टिकून राहण्यासाठी: ठरलेली वेळ, सोबत की स्पर्धा

वेळ सापडली तरी मन वळवावे लागतेच. येथे तीन मार्ग संभवतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ९६ जणांच्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. हा काळ कोणासाठी १८ दिवसांचा होता, तर कोणासाठी २५४ दिवसांचा असावा असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने मात्र फारसे बिघडले नाही. ज्यांच्या घरात कोणी ना कोणी आजारी पडणारच, त्यांच्यासाठी ही शेवटची गोष्ट मोलाची आहे. ब्रिटनमधील २००२ च्या एका प्रयोगात येत्या आठवड्यात कधी आणि कोठे व्यायाम करणार, हे लिहून दिलेल्यांपैकी ९१ टक्के लोकांनी तो केला, तर असे न लिहिलेल्या गटांत हे प्रमाण ३५ ते ३८ टक्के होते. लेखी वेळ आणि जागा हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

कोपऱ्यावर कोणी वाट पाहत उभे आहे, ही जाणीव पहाटेच्या गजरापेक्षा प्रभावी ठरते. परंतु सोबत म्हणजे आणखी एका घराचे वेळापत्रक सांभाळणे. स्पर्धेत नाव नोंदवल्याने प्रशिक्षणाला दिशा येते हे मान्य, पण ४२.१९५ किलोमीटरच्या मॅरेथॉनची तयारी साधारण चार-पाच महिने चालते आणि तितके रविवार कुटुंबाचेही जातात. लहान मुले असताना पाच किंवा दहा किलोमीटरचे उद्दिष्ट मला अधिक शहाणपणाचे वाटते.

निवड झाल्यावर ती वेळ तीन आठवडे वापरून पाहावी आणि प्रत्येक चुकलेल्या दिवसापुढे कारण लिहावे. एकच कारण तिसऱ्यांदा आले, तर वेळ बदलावी; कारणे दरवेळी वेगवेगळी असतील, तर वेळ तीच ठेवून आठवड्यातले वार कमी करावेत.