परभणीतला जनावरांचा दवाखाना, शिंगरासाठी ९ दिवस होतो (५ पैकी ४ स्टार)

घोडी माळेगावच्या यात्रेतून आणलेली, पहिलारू. पहाटे व्याली, शिंगरू तासाभरात उभं पण राहिलं, पण ती कासेला तोंडच लावू देईना, लाथा झाडायची. चीक पोटात जायला दुपार झाली. आम्हाला वाटलं चला पिलं एकदाचं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघतो तर कासेतून दूध आपोआप गळतंय आणि शिंगराच्या कपाळावर दूध वाळलेलं, म्हणजे खाली जाऊन नुसतं उभं राहतंय, पीत नाही. गावाकडच्या एका डॉक्टरांनी तापाचं इंजेक्शन दिलं, सकाळपर्यंत बरं होईल म्हणले. रात्री ११ ला ते उठेनाच, मग पिकअपमधे मायलेकरं घातली अन परभणी गाठली.

इथल्या मॅडमनी ओठ वर करून हिरड्या दाखवल्या, लालभडक, कानाच्या आत बारीक लाल ठिपके. "दादा, रक्तात जंतू गेलेत, सेप्टिसीमिया आहे." अँटिबायोटिक द्यायच्या आधी कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून कोणता आहे ते बघायला, रक्त काढलं, साखर तपासली तर एकदम खाली, लगेच ग्लुकोजची सलाईन. मग सगळं नीट समजावून सांगितलं, हे मला लई आवडलं. शिंगरू आईच्या पोटातून रोगाशी लढायची ताकद घेऊन येतच नाही, ती सगळी चिकातून मिळते, आणि आतडं पहिले काही तासच ती नीट शोषतं, २४ तासांनंतर कितीही चीक पाजा, उपयोग नाही. रक्तात आयजीजी, म्हणजे हीच ताकद देणाऱ्या अँटिबॉडी, डेसीलिटरला ८०० मिलिग्रॅमच्या वर पाहिजे, आमच्याचं ४०० च्या पण खाली.

मग ती ताकद प्लाझ्मातून, म्हणजे रक्तातल्या पिवळ्या पाण्यातून, शिरेतूनच द्यावी लागली. आमचाच खस्सी केलेला घोडा सकाळी बोलावला, त्याचं रक्त जुळतंय का बघितलं, पिशवी टांगून ठेवली तर थोड्या वेळात लाल खाली बसलं आणि वर पिवळं पाणी. तेच चढवलं, दोन वेळा लिटर लिटर. सोबत अँपिसिलिन आणि अमिकासिन ही अँटिबायोटिक. कल्चरात ई. कोलाय हा जंतू निघाला, औषध तेच चालू ठेवलं. रोज गुडघे अन घोटे हाताने दाबून बघायचे, कारण जंतू सांध्यात उतरले तर जनावर आयुष्यभर लंगडं राहू शकतं म्हणे. दवाखान्यातली पोरं दर दोन तासाला शिंगराची कूस बदलायची, आमच्या आधी उठायची. चौथ्या दिवशी त्यानं बाटली ओढली, माझ्या वडिलांना रडू आलं.

एक स्टार का कापला? घोडीला बांधायला सावलीची जागा नाही, उन्हात उभी होती, शेवटी आम्हीच ताडपत्री बांधली. आणि बिल तोंडी सांगतात, औषधं वेगळी लिहून दिली तर बरं. सगळं धरून १८ हजार गेले, त्याबद्दल तक्रार नाही.

रात्री जायचं असेल तर निघायच्या आधी फोन करा, म्हणजे सलाईन कोमट करून ठेवतात. आणि घोडी व्याली की १८ ते २४ तासांच्या आत शिंगराच्या रक्ताची आयजीजी तपासणी यांच्याकडूनच करून घ्या, आमचं दुसऱ्या घोडीचं पुढच्या महिन्यात आहे, आत्ताच सांगून ठेवलंय.