ॲट्रियमसाठी एनर्जी मॉडेल की सीएफडी?

काचेचं छत, मधली पाच मजली पोकळी, तळाला रिसेप्शन. नागपूरच्या मे महिन्यात अशा ठिकाणी रिसेप्शनवरची मुलगी शाल पांघरून बसते आणि चौथ्या मजल्यावर रेलिंगजवळ बसणारे आतल्या बाजूला जागा मागतात. एसीचे टन कमी पडलेले नसतात. म्हणून डिझाइनच्या वेळीच ठरवायला हवं, पैसे कुठल्या मॉडेलवर घालायचे: वर्षभराच्या विजेचा हिशेब मांडणाऱ्या एनर्जी मॉडेलवर, की हवेचा प्रवाह संगणकावर मांडणाऱ्या सीएफडीवर.

एनर्जी मॉडेलचं एनर्जीप्लस हे सॉफ्टवेअर फुकट आहे. वर्षाचे 8760 तास ते साध्या लॅपटॉपवर काढून देतं. काच बदलली किंवा छतावर सावली केली तर बिल किती उतरेल, हे त्यालाच विचारावं. गोम अशी, की एका झोनमधली, म्हणजे इमारतीच्या एकत्र मोजलेल्या भागातली, सगळी हवा एकाच तापमानाची आहे असं ते सहसा धरून चालतं. 20 मीटर उंच ॲट्रियम एकच झोन म्हणून टाकलं, की शाल आणि घाम दोन्ही सरासरीत गडप.

हवा कुठून कुठे जाते, तेही याच गृहीतकावर बिघडतं. बाहेर 40 अंश, आत सगळीकडे 26 धरले तर 20 मीटर उंचीत दाबाचा फरक 10 पास्कलच्या आसपास येतो. गार हवा खालच्या दारातून निसटते, गरम हवा छताच्या फटींतून आत ओढली जाते. चिमणीच्या बरोब्बर उलट. पण छताखाली 45 अंशांची हवा साचली असेल तर हा हिशेब डळमळतो. वरच्या झडपा उघडल्यावर हवा बाहेर जाईल की आत येईल, हे एका सरासरी आकड्यावरून कळत नाही. मजल्यागणिक झोन तोडले तर बरंच सुधारतं, तरी एसीच्या ग्रिलमधून सुटलेला गार झोत कुठे पडतो ते दिसत नाही.

ते सीएफडी दाखवतं. जागेचे लाखो बारीक तुकडे करून प्रत्येकातला वेग आणि तापमान काढतं. त्याचं ओपनफोम हे सॉफ्टवेअरही फुकटच, पण ते नीट चालवणारा माणूस फुकट मिळत नाही आणि एकाच क्षणाचं गणित रात्रभर चालू शकतं. शिवाय काचेच्या आतल्या पृष्ठभागाचं तापमान सहसा आपण पुरवावं लागतं. तो आकडा कुठून घेतला, हे कन्सल्टंटला जरूर विचारा. 'एनर्जी मॉडेलमधून' असं उत्तर आलं नाही, तर सीएफडीचं ते लाल-निळं चित्र मीटिंगपुरतं. तापलेली काच अंगावर थेट उष्णता फेकते. हवा 27 अंशांची असली तरी माणूस वैतागतो.

माझं मत: ॲट्रियम फक्त येण्याजाण्यापुरतं असेल, तर झोन तोडलेलं एनर्जी मॉडेल पुरे. वरच्या कडेला माणसं दिवसभर बसणार असतील, तर त्याच्या पाठोपाठ दोन-तीन निवडक तासांचं सीएफडी घ्या. मे महिन्यातली दुपार आणि डिसेंबरची सकाळ चुकवू नका. एकापुरतेच पैसे असतील तर एनर्जी मॉडेल, कारण छतावरच्या सावलीचा निर्णय तिथेच होतो. आगीच्या वेळी धूर बाहेर काढण्याचा अभ्यास मात्र निराळा. कोटेशनमध्ये तो याच रकमेत घुसडलेला दिसला, तर वेगळा लिहून मागा.