एन्व्हॉय की स्कायवेस्ट?

अमेरिकेत उड्डाणाचे १५०० तास भरले की वैमानिकापुढे साधारण दोन वाटा असतात: मोठ्या कंपनीच्या मालकीची रिजनल एअरलाइन (मोठ्या कंपन्यांसाठी जवळच्या मार्गांवर उडणारी छोटी कंपनी) किंवा स्वतंत्र.

एन्व्हॉय अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीची. मोठं आकर्षण म्हणजे 'फ्लो': आपला क्रमांक आला की नव्याने मुलाखत न देता थेट अमेरिकनमध्ये. पण रांग सरकते ती वरचे लोक पुढे गेले तरच. अमेरिकनने भरती थांबवली की रांगही थांबते. स्कायवेस्ट स्वतंत्र; तिथून मोठ्या कंपनीत जायचं तर बहुतेकदा आपली आपण खटपट. मात्र ती युनायटेड, डेल्टा, अमेरिकन, अलास्का अशा चौघांसाठी उडते, म्हणून एक करार गेला तरी सगळं बुडत नाही.

पगारात आता फारसा फरक उरलेला नाही. जून २०२२ मध्ये एन्व्हॉयने नवख्या फर्स्ट ऑफिसरचा (सहवैमानिकाचा) दर ताशी ९० डॉलरवर नेला, मग इतरांनाही हात सैल करावा लागला. एन्व्हॉयच्या वैमानिकांमागे आल्पा ही युनियन आहे, स्कायवेस्टमध्ये कंपनीअंतर्गत संघटना. नोकरकपातीच्या काळात हा फरक मला पगारापेक्षा मोठा वाटतो.

मालकी म्हणजे सुरक्षितता, हे मात्र खरं नाही. डेल्टाने आपल्याच मालकीची कॉमएअर २०१२ मध्ये बंद केली. स्वतंत्र ट्रान्स स्टेट्स २०२० मध्ये गेली. दोन्हीकडच्या अनुभवी कॅप्टनना दुसरीकडे सीनियॉरिटी (ज्येष्ठतेचा क्रमांक) शून्यापासून. रजा, बेस, रोस्टर सगळंच त्या क्रमांकावर.

म्हणून तिशीच्या आतला असाल तर एन्व्हॉय. चाळिशीत आलेल्याने रांगेच्या भरवशावर राहू नये. कॅप्टनपद जिथे लवकर मिळेल तिथे जावं.