नवाहो कोरीव आकृत्या: मातीच्या रंगातली घ्यावी की ॲक्रिलिकमधली?

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत, फार्मिंग्टन-गॅलपकडच्या दुकानांत, नवाहो या मूळनिवासी समाजाच्या लाकडी कोरीव आकृत्यांची दोन घराणी समोर येतात. एक भडक: ठिपक्यांचे कोंबडे, गाई, घोडेस्वार, ॲक्रिलिक किंवा भिंतीच्या रंगात. दुसरं नवाहो कारागीर जॉन्सन अँटोनिओंच्या वळणाचं: सडसडीत माणसं, पांढऱ्या मातीने म्हणजे ड्लीशने आणि पातळ रंगाने रंगवलेली. लाकूड बहुधा दोन्हीकडे कॉटनवूडच, हलकं आणि मऊ.

चेहऱ्यात मातीवाली उजवी, यात वाद नाही. मातीच्या पातळ थराखाली चाकूचे घाव दिसत राहतात. माझं घोडं अडलं ते धुळीपाशी. मातीत डिंक कमी असला की बोट लावताच पांढरी पूड हाताला येते. ओल्या फडक्याने डाग पडतात. कोरडं फडकं घासलं, तर नाकाचा शेंडा आणि गालाची हाडं आधी उघडी पडतात. मऊ कुंचला आणि कॅमेऱ्याचा रबरी फुगा, एवढंच चालतं. तेलकट बोटाचा ठसा तर जातच नाही. ॲक्रिलिकवर किंचित ओलसर कापसाचा बोळा पुरतो. आधी बुडाशी फिरवून रंग उतरतो का ते पाहावं.

रंग दुकानातला म्हणून अस्सलपणा कमी, हे मला पटत नाही. माणसाची आकृती एरवी उपचारविधीपुरतीच कोरणाऱ्या समाजात चार्ली विलेटो (मृत्यू 1964) यांनी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला त्या कोरून वाणसामानाच्या बदल्यात दिल्या, आणि रंग दुकानातलाच वापरला.

रंगीत आकृत्यांचीही दुखणी आहेतच. पाय, शिंगं, शेपूट वेगळी कोरून जोडलेली असतील, तर सांध्यावर रंगाची पापडी फुटते. खोडाचा गाभा आत राहिला, तर भेग जवळपास ठरलेली, मग रंग कुठलाही असो. वाळताना लाकूड वलयांच्या दिशेने जास्त आकसतं. न्यू मेक्सिकोच्या कोरड्या हवेतली भेग पुण्या-नागपूरकडे जुलैत मिटते, मेमध्ये पुन्हा उघडते. ती पुट्टीने भरू नका, पावसात फुगलेल्या लाकडाला जागा लागते.

खरी लोकर चिकटवलेली मेंढी गोड दिसते, पण कसर लागते. घ्यायचीच, तर हवाबंद पिशवीत उणे 18 अंशांवर 2 आठवडे ठेवा. थंडीत ॲक्रिलिक ठिसूळ होतो, तेव्हा आपटू नका. बाहेर काढल्यावर 24 तास पिशवी बंदच ठेवा, नाहीतर दव धरतं.

बिलावर कारागिराचं नाव आणि ‘नवाहो’ हा उल्लेख मागून घ्या. ‘नेटिव्ह अमेरिकन स्टाइल’ एवढंच लिहिलं असेल, तर सोडून द्या. खोटी ओळख सांगून विकणं 1990 च्या इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स कायद्याने गुन्हा आहे, पण ‘स्टाइल’ हा शब्द बरंच काही झाकतो.

काचेचं कपाट असेल, तर मातीवाली जरूर घ्या. उघड्या फळीसाठी मात्र मी कोंबड्याकडेच झुकेन, त्यातही शेपूट अंगाच्याच ठोकळ्यातून काढलेला मिळाला तर उत्तम.